बाकड्यापर्यंत

मित्रांनो, मी एक जुने बाकडे आहे. एका चढाच्या रस्त्याला अर्ध्यावर वळण लागते, तिथे भिंतीला पाठ लावून मी बसलेले असते. तुम्ही म्हणाल, बाकडे कुठे बसते का, बाकड्यावर बसतात! खरे आहे. पण इतक्या वर्षांत इतक्या जणांना बसवून घेतल्यावर थोडे बसायचा हक्क मलाही आहे, असे मला वाटते.

आधी मी एक दार होते. ते घर पाडले गेले, दार विकले गेले आणि या वळणावर ज्यांचे दुकान होते त्या सुतारकाकांच्या हाती मी लागले. त्यांनी मला कापले, रंधा मारला, चार पाय जोडले आणि पाठ दिली. बैठकीच्या मधोमध कडीचे भोक होते, ते मात्र त्यांनी बुजवले नाही. "राहू दे," ते म्हणाले, "तुझी आधीची ओळख आहे ती." दार असताना लोक माझ्यापुढे थांबत, मला ठोठावत आणि मी उघडले की मला विसरून आत जात. आता ते येत आणि टेकत. हे काम मला जास्त आवडले.

पुढे सुतारकाका थकले, दुकान मोडून मुलाकडे राहायला गेले. मी तिथेच राहिले. मी कोणाचे, असे तेव्हा कोणी विचारले नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाला घरे झाली, खालच्या अंगाला झाली, आणि सगळे जण जाता-येता माझ्यावर बसून दम खात. वरची वस्ती आणि खालची वस्ती अशी नावे होती, पण एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते याची कोणाला पडलेली नव्हती.

भांडण आणले ते नळाने. पाणी कमी पडू लागले, म्हणून वरच्यांना सकाळी आणि खालच्यांना संध्याकाळी पाणी सोडायचे ठरले. ते सोडणारा चावीवाला भला माणूस होता. त्याला वरच्या कोणीतरी विचारले, "सकाळचं पाणी कुठपर्यंत?" त्याने इकडे तिकडे पाहिले. खूण म्हणावी असे काही दिसेना. शेवटी त्याची नजर माझ्यावर पडली. "बाकड्यापर्यंत," तो म्हणाला. खालच्यांनी विचारले, "आणि संध्याकाळचं?" तो म्हणाला, "तेही बाकड्यापर्यंतच की!" त्याने पाणी सोडले आणि तो गेला, पण जाताना हा शब्दही सोडून गेला.

तेव्हापासून माझी हद्द झाली. खालच्यांना कोणी 'खालचे' म्हटले की नाकाला मिरच्या झोंबत. "आम्ही खालचे नाही, आधीचे. शहरातून येताना आधी आम्ही लागतो!" असे ते म्हणत. वरच्यांचे तर काही विचारू नका. माझ्या खालच्या अंगाचे एखादे घर विकायचे असले की त्यांची वस्ती हळूच उतार उतरून चार घरे खाली येई, कारण वरची हवा चांगली असे दलाल सांगत. कचऱ्याचा डबा कुठे ठेवायचा हा प्रश्न निघाला की तीच वस्ती पदर खोचून भराभर चढ चढून जाई. मी मात्र जागच्या जागी होते.

मुलांचे बरे होते. दोन्हीकडच्या आया एकच ताकीद देत, "लांब जायचं नाही हं, बाकड्यापर्यंतच!" मुले धावत येत, माझ्यावर दणकन हात मारत आणि मगच मागे वळत. हात लावल्याशिवाय 'बाकड्यापर्यंत' झाले, असे एकाही मुलाने कधी मानले नाही.

पण माझी अगदी स्वतःची म्हणावी अशी माणसे दोनच. त्या दोघी सख्ख्या बहिणी होत्या. थोरली वरच्या वस्तीत नांदली, धाकटी खालच्या. तरुणपणी त्या माझ्याकडे ढुंकूनही न बघता वर-खाली करत. मग वय झाले. उतार उतरणे थोरलीच्या गुडघ्यांना सोसेना आणि चढ चढणे धाकटीच्या छातीला. अर्धे अंतर मात्र दोघींना झेपत असे, आणि त्या अर्ध्यावर मी होते. रोज उन्हे कलली की थोरली माझ्या वरच्या टोकाला येऊन बसे, धाकटी खालच्या टोकाला, आणि मध्ये निवडायची भाजी. धाकटीला ऐकू कमी येई, त्यामुळे फोन तिच्या उपयोगाचा नव्हता. समोरच्याचे ओठ दिसले की तिला सगळे कळे. ती कडीच्या भोकात बोट फिरवत बहिणीच्या तोंडाकडे बघत राही.

"तुमच्याकडचा न्हावी केस कापतो की गवत?" थोरली विचारी.

"आमच्याकडं निदान डोक्यावर कापायला केस तरी आहेत, ताई. तुमच्याकडं सगळीच मैदानं!"

मग दोघी इतक्या हसत की मी कुरकुरू लागे. सांगायला लाज कशाला वाटावी? दिवसभर मी त्या दोघींची वाट बघत असे.

माझ्या आयुष्यात कौतुकाचे दिवसही आले. एका चित्रकाराने वळणाचे चित्र काढले, त्यात मी होते, आणि ते एका मासिकात छापून आले. झाले! वरच्यांचे पुढारी एक निवृत्त स्टेशनमास्तर होते. ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आमची हद्द बाकड्यापर्यंत. म्हणजे बाकडं धरून." खालच्यांच्या पुढारी पिठाच्या गिरणीच्या मालकीणबाई. गिरणीच्या आवाजात बोलून बोलून त्यांचा साधा आवाजही भांडल्यासारखा झाला होता. त्या म्हणाल्या, "आमचीही बाकड्यापर्यंतच. म्हणजे बाकडं धरून!" वरच्यांनी मला सकाळी हिरवा रंग दिला, खालच्यांनी दुपारी त्यावर निळा चढवला. संध्याकाळी स्टेशनमास्तर पांढरी विजार घालून पाहणीला आले आणि रंग वाळायच्या आतच ऐटीत बसले. त्यानंतर बरेच दिवस त्यांना कोणाकडे पाठ फिरवायला आवडत नसे.

आणि मग तो टेम्पो आला. वरच्या एका घराचे सामान उतरवून तो उलटा मागे येत होता. वळणावर त्याचा अंदाज चुकला आणि माझा खालच्या टोकाचा एक पाय मोडला. मी कलंडले. दोन्हीकडची माणसे जमली, हळहळली. आता दुरुस्ती कोणी करायची, असे कोणीतरी विचारले.

"टेम्पो तुमच्याकडं आला होता," गिरणीवाल्या बाई म्हणाल्या.

"पण पाय तुमच्या बाजूचा मोडलाय," स्टेशनमास्तर म्हणाले. "आमची हद्द बाकड्यापर्यंत. म्हणजे बाकडं सोडून."

"मग आमची काय वेगळी आहे? आमचीही बाकडं सोडूनच!"

मित्रांनो, शब्द तोच होता आणि मीही तेच होते. फक्त माझा एक पाय कमी झाला होता. दोन घरचा पाहुणा उपाशी, असे म्हणतात ते मला त्या दिवशी कळले. माझ्या पाठीवर रंगाचे दोन-दोन थर होते, पण पायाला एक खिळा मिळेना. माझ्याखाली गवत वाढले. कोणी माझ्यावर विटांचे तुकडे आणून टाकले. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते बहिणींचे.

पहिले काही दिवस त्या भिंतीला टेकून उभ्या उभ्या बोलल्या. मग थोरलीचे गुडघे सुजले. उभ्याने धाकटीचा दम ओसरेना, आणि दम लागला की तिचे लक्ष बहिणीच्या ओठांवर ठरेना. रोजची भेट दिवसाआड झाली, मग चुकू लागली. एका संध्याकाळी थोरली आली, वाट बघून परत गेली. दुसऱ्या दिवशी धाकटी आली. तिने विटांचे तुकडे थोडे बाजूला सारले, कडीच्या भोकात बोट घातले आणि बराच वेळ वरच्या रस्त्याकडे बघत राहिली. "ताई आताशा येत नाही," ती कोणाला तरी म्हणाली. काल आली होती हो, असे मला ओरडून सांगावेसे वाटले. पण लाकडाला वाचा नसते. त्यानंतर बरेच दिवस दोघींपैकी कोणीच आले नाही.

शेवटी मला तिथून उचलून मोडीत काढायचे की काय, हे ठरवायला दोन्ही वस्त्या माझ्याभोवती जमल्या. एक व्याकरणाचे गुरुजीही बोलावले होते. 'पर्यंत' या शब्दाचा खरा अर्थ काय, याचा निवाडा त्यांनी करायचा होता. गुरुजींनी चष्मा पुसला आणि सांगितले, "धरून हाही अर्थ होतो, सोडून हाही होतो. संदर्भ बघायचा असतो." हे ऐकून दोन्ही बाजू एकदम खूश झाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून भांडू लागल्या.

एवढ्यात वरून भिंत धरत धरत थोरली आली. माझे काहीतरी ठरते आहे हे तिला कळले होते. आणि खालून, चार पावलांवर थांबत, धाकटी आली. तिलाही कळले होते. दोघींनी एकमेकींना पाहिले.

"किती वाळलीस गं ताई!" धाकटी म्हणाली. "येत का नाहीस?"

"मी येत नाही? तूच येत नाहीस! थांब, आधी या सगळ्यांकडं बघते." थोरलीने माझ्या पाठीचा आधार घेतला. "गुरुजी, मला सांगा. ही लहान होती, तेव्हा आई मला रोज म्हणायची, हिला शाळेपर्यंत पोचव. मी काय हिला फाटकाबाहेर सोडून पळत होते? वर्गात न्यायची, बाकावर बसवायची, हिचं रडं थांबेपर्यंत हात धरून उभी राहायची आणि मग माझ्या वर्गात जायची. उशीर झाला म्हणून छड्या खाल्ल्यात मी. आमच्या घरात पर्यंतचा अर्थ हा होता. तुम्हाला बाकडं सोडायचं तर सोडा. पण मग मी माझ्या बहिणीला भेटू कुठं, तेवढं सांगा."

स्टेशनमास्तर आपल्या विजारीकडे बघू लागले. धाकटीला गर्दीत बहिणीचे ओठ नीट दिसले नव्हते. तिने गुरुजींना विचारले, "काय म्हणाली हो ती?"

गुरुजींनी तिच्या कानाशी तोंड नेले आणि सगळा जोर लावून ओरडले, "बाकडं धरून!"

तो आवाज दोन्ही वस्त्यांत शेवटच्या घरापर्यंत पोचला असावा. पहिल्यांदा गिरणीवाल्या बाई हसल्या, मग सगळेच. आणि दुसऱ्या दिवशी काय झाले असेल? वरच्यांनी सकाळीच सुतार आणून मला लाकडी पाय बसवला. दुपारी खालच्यांचा लोहार लोखंडी पाय घेऊन हजर! एकमेकांना विचारायचे मात्र दोघांनाही सुचले नव्हते. "बनवून आणलाय, आता परत न्यायचा नाही," गिरणीवाल्या बाईंनी बजावले. म्हणून तोही शेजारी बसवला. तेव्हापासून मी पाच पायांचे बाकडे आहे. दोन घरचा पाहुणा त्या दिवशी पोटभर जेवला.

मित्रांनो, तुमचीही वस्ती कुठेतरी संपत असेल. तिथे एखादे झाड असेल, दिवा असेल, नळ असेल, माझ्यासारखे एखादे बाकडे असेल. 'आमचं नाही' म्हणून त्याच्याबाबतीत हात झटकू नका. त्याच्याकडे दोन्हीकडची माणसे येतात, म्हणून त्याला दोन्हीकडची माया लागते. तुमची हद्द मोजताना त्याला धरून मोजा, एवढेच माझे मागणे आहे.

थोरली आता माझ्या खालच्या टोकाला बसते. तिथून तिला बहिणीच्या घराची खिडकी दिसते. धाकटी वरच्या टोकाला बसते, कारण भाचीच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे तिला तिथून मोजता येतात. दिवे लागले की थोरली पदर सावरते आणि म्हणते, "चल, अंधार पडला. पोचवते तुला."

"कुठपर्यंत?" धाकटी तिच्या ओठांकडे बघत विचारते.

"बाकड्यापर्यंत."

आणि दोघी जागच्या हलत नाहीत.