सोफ्यावरची आई

रसिकरावांच्या घरी चित्रांना तोटा नव्हता, पार बाथरूमच्या दारापर्यंत टांगलेली. खरं नाव काही का असेना, चित्रकार मंडळीत ते रसिकरावच. एखाद्याच्या खांद्यावर हात टाकून "हा आपला माणूस" म्हणायची त्यांना भारी हौस. आपला चित्रकार वीस वर्षं त्यांचा माणूस होता, आणि तोही मेला दर वेळी पाघळायचा.

म्हणूनच तर आईचं चित्र त्याने त्यांना दिलं. लॉन्ड्रीत तीस वर्षं उभ्याने इस्त्री केलेली आई, स्टुलावर बसलेली, पाय पुढे. सुजलेले, टाचांना भेगा पडलेले पाय. त्या पायांवर त्याने तीन महिने घालवले होते. चित्र विकणार नाही म्हणाला होता. पण "आईला घरच्यासारखी ठेवीन रे" म्हणत रसिकरावांनी डोळे पुसले आणि गडी विरघळला.

आज तो आईला चित्र दाखवायला घेऊन आला होता. दिवाणखान्यात नवा सोफा होता, भिंतीएवढा, उंच पाठीचा. त्याच्या वर आई. गुडघ्यांपर्यंत. खाली थेट फ्रेम.

चित्रकार फ्रेमच्या खालच्या कडेशी पाय शोधू लागला.

"सोफा आधी आला ना," रसिकराव त्याच्या कानाशी लागले. "चित्र मावेना. फ्रेमवाला म्हणाला, खालून वीतभर कापू. काय बिघडलं? चेहरा तर आहे! फक्त तुझी सही गेली बघ, तेवढी परत करून टाक. पाहुणे विचारतात."

ब्रश आणि रंग टेबलावर मांडूनच ठेवले होते. डोंबलाची रसिकता!

आई चष्मा सारखा करत चित्राजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पाय नाही काढलेस होय? तुलाही लाज वाटली का रे माझ्या पायांची?"

रसिकरावांनी चित्रकाराला डोळा मारला आणि मोठ्याने हसले. "अहो आजी, चित्रकाराच्या मनात काय असतं, ते आपल्याला काय कळणार!"

चित्रकाराला शिसारी आली. या माणसाची, त्याच्या हसण्याची, आणि वीस वर्षं त्याच्यासमोर दात काढणाऱ्या स्वतःचीसुद्धा. आता गप्प बसलो, तर आई हेच मनात घेऊन जाईल.

"आई, मी पाय काढले होते," तो म्हणाला. "सगळ्यात जीव लावून काढले होते. यांनी कापले, सोफ्यासाठी."

"अरे, वीतभर कापडाचा काय तमाशा करतोस!" रसिकराव लालबुंद झाले.

आईने एकदा सोफ्याकडे पाहिलं, एकदा रसिकरावांकडे.

"मग उतरव की मला," ती लेकाला म्हणाली. "या घरात कशाला ठेवतोस?"

चित्रकार बुटांसकट सोफ्यावर चढला.