बळीची ओळ

"मावशी, या ट्रेचे गुण तुम्हीच दिलेत ना?" भातसंशोधन केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी जुनी वही पुढे सरकवली.

मावशींनी ओले हात झटकले, चष्मा चढवला. अक्षर त्यांचंच, अठरा वर्षांपूर्वीचं.

जाळीच्या या खोलीत त्यांची उभी हयात गेली होती. भाताच्या कोवळ्या रोपांवर तपकिरी तुडतुडे, रस शोषून रोप वाळवणारे किडे, सोडायचे आणि कोणतं वाण तगलं, कोणतं करपलं ते बघून गुण लिहायचे. "घरी एक लेक, इथं लाखभर कार्टी. जेवण सगळ्यांना वेळेवर हवं," असं त्या म्हणायच्या. प्रत्येक ट्रेच्या मधोमध एक ओळ नाजूक वाणाची असे, मरण्यासाठीच पेरलेली. ती पुरती करपली की त्याच दिवशी बाकीच्यांचे गुण. आधी नाही, कारण तोवर कच्चं रोपही तगल्यासारखं दिसतं; नंतरही नाही, कारण मग सगळंच करपतं. तिला 'बळीची ओळ' हे नाव मावशींचंच.

"तुडतुड्यांना दाद न देणारं जनुक कुठं दडलंय, त्याचा नकाशा जुळत आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या वह्यांवरच. फक्त हा ट्रे बसत नाही. जनुक नाही, तरी वहीत रोप ठणठणीत. बियाणात सरमिसळ झाली असणार. या ओळींचं बियाणं टाकूनच देते."

आज मावशींचा नोकरीतला शेवटचा दिवस. चार वाजता निरोपाचा चहा. झाकली मूठ झाकलीच राहिली असती.

अठरा वर्षांपूर्वी त्या दिवशी शाळेतून निरोप आला होता, लेक तापानं फणफणलीय. बळीच्या ओळीत तीन रोपं अजून हिरवी होती. मावशींनी उभ्याउभ्याच गुण लिहिले आणि धावत सुटल्या. लेक शाळेच्या बाकावर दप्तर उशाला घेऊन पडली होती. डोळे किलकिले करून एवढंच म्हणाली, "आलीस?" त्या कढत कपाळाची धग तळहाताला अजून आठवत होती.

"बियाणाचा दोष नाही, बाई," मावशी म्हणाल्या. "माझा आहे. ओळ मरायच्या आधीच गुण दिले. लेक आजारी होती. ती बरी झाल्यावर परत आले तोवर बहुतेक सगळं करपलेलं. खरे गुण कुठून आणणार? लिहिलेलं तसंच राहू दिलं."

डॉक्टरीणबाईंनी वही जवळ ओढली. "म्हणून तुम्ही बळीच्या ओळीतलं एकेक रोप खरंच मेलंय का ते बोटानं हलवून बघता होय? आम्ही हसायचो तुम्हाला."

"हसा की. मेलेलं रोप काही रागावत नाही."

मावशींनी पानावर तिरकी रेघ मारली, खाली सही केली. मग शीतपेटीतून त्याच ओळींची पाकिटं काढली, ट्रेमध्ये माती भरली आणि एकेक ओळ पेरायला घेतली.

फोन वाजला. लेक होती. "आई, चार वाजून गेले. मी फाटकाशी उभी आहे. निघालीस का?"

"आले गं. एकच ओळ राहिलीय."

मधली ओळ त्यांनी सर्वांत शेवटी पेरली. चिठ्ठीवर तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'मधली ओळ पुरती करपल्यावरच गुण द्यावेत.' गुण देणाऱ्याच्या नावाची जागा त्यांनी कोरी ठेवली.