चौथी गुंडाळी

पिवळी चिठ्ठी, चार घड्यांची, खिशातल्या घामाने मऊ पडलेली... वामनने ती पुन्हा उलगडली. 'वामनराव मोजताना थैली कुणाची हे बघत नाहीत.' एवढंच. खाली सही नव्हती. पण जालन्याच्या या बियाणे कंपनीत असलं गोल, टपोरं अक्षर एकट्या राधेश्यामचं. आणि राधेश्याम आपल्याबद्दल चांगलं लिहितो म्हणजे — म्हणजे काय, हेच तर सकाळपासून उमगत नव्हतं.

काल पुण्याहून गंधाली मॅडम आल्या होत्या, कंपनीतले वाद मिटवायला. प्रयोगशाळेचा वामन आणि उत्पादन विभागाचा राधेश्याम, तीन वर्षं एकमेकांशी फक्त कागदोपत्री बोलणारे, यांना त्यांनी समोरासमोर बसवलं, प्रत्येकाला दुसऱ्याचा एक गुण लिहायला लावला आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. सात दिवस खिशात ठेवा, राग आला की वाचा. वामनने लिहिलं होतं, 'अक्षर चांगलं आहे.' त्याहून जास्त द्यायची त्याची तयारी नव्हती. राधेश्यामची चिठ्ठी मात्र आतापर्यंत नऊदा वाचून झाली होती. राग येत होता असं धरायला हरकत नव्हती.

आणि नेमकं आजच. राधेश्यामच्या सोयाबीनच्या लॉटची उगवण मोजायचा आठवा, शेवटचा दिवस. चारशे दाणे, ओल्या कागदाच्या चार गुंडाळ्या. दोनशे ऐंशी रोपं धड निघाली तर लॉट पास, नाहीतर सगळं बियाणं तेलाच्या गिरणीत. या हंगामात त्याचे दोन लॉट वामनने नापास केले होते. तिसरा गेला की राधेश्यामची बदली, हे चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. मग ही चिठ्ठी लाच, की टोमणा? नियमाने नमुन्याच्या थैलीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, मोजणाऱ्याला कळू नये म्हणून. पण तो नंबरही याच टपोऱ्या अक्षरात यायचा...

"झालं का, वामनराव?" दारात तोच.

"झाल्यावर कळेलच."

"जल्दी न्हाई. आष्टीला निघून राह्यलो, म्हणलं जाता जाता डोकवावं."

"चिठ्ठी वाचली मी."

"मंग? मॅडमनी खरं लिहा म्हणल्तं, खरं लिहिलं." आणि गेलासुद्धा. इतकं सरळ. सरळ माणसं इतकं सरळ बोलत नाहीत, वामनचा अनुभव होता. निदान कंपनीत तरी नाही.

तीन गुंडाळ्यांत मिळून दोनशे नऊ. प्रयोगशाळेतल्या मदतनीस पुष्पाबाईंनी चौथी उलगडून ट्रेमध्ये पसरली. धड रोप डावीकडे, विकृत उजवीकडे. वामनचा चिमटा चालू लागला. डावीकडे सत्तर झाली, उजवीकडे एकोणतीस, आणि चिमट्यात एक उरलं.

मुख्य मूळ खुंटलेलं. बाजूला बारीक मुळं भरपूर. बाजूची मुळं पुरेशी असतील तर रोप धड धरावं, असं पुस्तकात आहे. पुरेशी म्हणजे किती, ते पुस्तक सांगत नाही. ते वामन सांगतो, अठरा वर्षं. डावीकडे ठेवलं तर चार घड्यांच्या कागदाने आपल्याला विकत घेतलं असं होईल... नाही. मी असल्याला भुलणारा नाही. मी थैली बघत नाही, मी फक्त... हात उजवीकडे वळलाच होता.

"सर, परवा असलंच निघाल्तं की, उत्पादनातल्या त्या भागवतच्या थैलीत," पुष्पाबाई बाजूचा ट्रे पुसत म्हणाल्या. "ते तुम्ही डावीकडं ठेवल्तं."

"भागवतची होती कशावरून?"

"तुम्हीच म्हणल्ता."

आवाजात काही नव्हतं. त्यांनी फडकं पिळलं आणि दुसरा ट्रे घेतला.

वामनचा हात तसाच राहिला. उजवीकडच्या एकोणतिसांत अशी किती असतील, ते आताही बघता आलं असतं. चिमटा हातात होता, उजेड चांगला होता. तीन वर्षांचे उजवीकडचे ढीग मात्र कधीच खतात गेले होते... राधेश्यामला हे कळलं असेल. कळलं असावं, म्हणूनच तर त्याने असं लिहिलं. असला माणूस तो, टोचून लिहिणारा. असायलाच हवा. कारण तो तसा नसेल, त्या टपोऱ्या अक्षरात त्याला खरंच तेवढंच म्हणायचं असेल, तर —

मुळावरचं पाणी थेंबाथेंबाने मनगटावर उतरत होतं. तो टोमणाच असू दे, असं वामनला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.