साखर कोणी घातली

रिकामी बाटली न विसळता परत करणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. ऑस्ट्रेलियात आमच्या रेनमार्क गावी घरची बिअर कोणी विकत नाही, वाटतात. वाटताना बोली एकच असते: ग्लासात ओतलीस की लगेच बाटली विसळ, पालथी घालून वाळव आणि परत आणून दे. यात कठीण काय आहे? पण नाही. महिनाभर अंगणात लोळलेली, बुडाला हिरवी बुरशी आणि आत मेलेली गोगलगाय, अशी बाटली दात काढत पुढे करतात आणि वर विचारतात, "नवीन कधी भरताय?" तुझी गोगलगाय पुरून झाली की आम्ही भरतो, बाबा.

त्या बाटल्या घासायला असते मी. डॅडच्या गुडघ्यांना आता मोरीशी उभं राहणं जमत नाही. लांब दांड्याचा ब्रश आत घालून फिरवायचा, उजेडात धरून बघायचं, पुन्हा फिरवायचा. एवढासा चिकटा राहिला तरी आतली बिअर आंबून जाते. शेवटी शेवटी पाठ म्हणून काही उरत नाही. तरी करते, कारण बाटल्या भरायचा दिवस हा डॅडचा दिवस असतो.

डॅड म्हणजे मर्व्ह हार्टविग. सगळा जन्म संत्र्यांच्या बागेत गेला. मग बाग विकली, मम, आमची आई, गेली, आणि आता नदीकडच्या घरात तो एकटा राहतो. मी दोन गल्ल्या सोडून. माझा धाकटा भाऊ ग्रँट ॲडलेडला असतो आणि तिथून फोनवर शहाणपण शिकवतो. गेलं वर्षभर त्याचं एकच तुणतुणं चाललं होतं: डॅडनं आता एकटं राहू नये, त्याच्यासाठी वृद्धाश्रमात जागा बघू.

"गॅस चालू ठेवून झोपला होता, नोलीन," ग्रँट म्हणायचा.

"मीपण झोपलेय तशी. मलाही टाकून ये तिकडे."

"मागच्या खेपेला त्यानं मला माझं नाव विचारलं."

"वर्षातनं दोनदा येतोस. मलासुद्धा विचारावंसं वाटतं."

एके दिवशी माझं डोकंच फिरलं. मी त्याला सुनावलं, ज्या माणसाला पिंपभर बिअर करून बाटल्यांत भरता येते त्याला स्वतःचं घर सांभाळता येतं. ये आणि डोळ्यांनी बघ. डॅडच्या हातून एक जरी चूक झाली तर मी स्वतः त्याची बॅग भरीन, आणि नाही झाली तर वृद्धाश्रम हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. ग्रँट म्हणाला, "बरं. येतो."

आला तो एक बारकासा वजनकाटा घेऊन. ॲडलेडच्या कुठल्याशा दुकानात त्याला कोणीतरी सांगितलं होतं, की हल्ली बाटली-बाटलीत साखर घालत बसत नाहीत. सगळी एकदम तोलायची, पाण्यात उकळायची आणि पिंपात ढवळायची.

"माझ्या पिंपाला हात लावलास तर तो हातच या काट्यावर तोलीन," डॅड म्हणाला.

इतकं बरं वाटलं मला.

डॅडची रीत मी लहानपणापासून बघत आलेय. धुतलेल्या तपकिरी बाटल्या बाकावर ओळीनं मांडायच्या. प्रत्येक कोरड्या बाटलीत नरसाळ्यातून एक सपाट चमचा साखर, डावीकडून उजवीकडे. मग बिअर. बंद बाटलीत उरलंसुरलं यीस्ट ती साखर खातं आणि त्याचा वायू होतो, म्हणून तर फेस येतो. साखर विसरलात तर बिअर गटारात ओतायच्या लायकीची. दुप्पट घातलीत तर वायूला जागा पुरत नाही आणि बाटली फुटते. म्हणून साखरेचा चमचा डॅडच्या हातात असायचा. आम्हा पोरांना तो कधी मिळाला नाही, ममलासुद्धा नाही.

त्या दिवशी ग्रँट बाटल्या मांडायला, डॅड साखरेला, मी भरायला आणि झाकणं दाबायला. शेडचा पत्रा तापला होता. पिंपाचा नळ गळत होता, खाली ठेवलेलं भांडं भरून चिकट ओघळ माझ्या चपलेत उतरत होता. झाकणं दाबायचं ते यंत्र तर माझा जुना वैरी आहे. जरा तिरकं बसलं की झाकण मुडपतं, ते उपटा, नवं लावा. मी त्याला जे जे म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. पण नळी बाटलीच्या बुडाला टेकली की बिअर खालून वर चढते, मानेशी फेसाची टोपी येते, आणि बरोबर त्या क्षणी नळी उचलायची. नंतर झाकण बसतं तो कट्ट आवाज, आणि हातात ती जड, गार, भरलेली बाटली. ते सुख ज्यानं घेतलंय त्यालाच कळेल. डॅड त्याच्या टोकाला चमचा घेऊन पुढे सरकत होता, तोंडानं शीळ. मध्ये एकदा चहा ठेवायला घरात जाऊन आला. मी मान वर करून ग्रँटकडे बघितलं, म्हटलं, बघ, बघून घे.

आणि बघते तर काय, हा पठ्ठ्या साखर घातलेल्या बाटल्या बाकावरून उचलून मोरीत नेतोय आणि पुन्हा विसळतोय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अक्कल गहाण टाकून आलायस का? साखर घातलीय त्यात."

"जरा घाण दिसली," तो पुटपुटला.

"घाण? मी घासल्यात त्या काल. दोन तास. आण इकडे." मी त्याच्या हातातून बाटल्या हिसकावून घेतल्या. "तू बाहेर जा. जाऊन सॉसेज भाज. तेवढं तरी जमेल?"

तो डॅडकडे बघत उभा राहिला. डॅडचं लक्ष नव्हतं. मग निमूट बाहेर गेला, आणि आम्ही दोघांनी उरलेलं काम झकास पार पाडलं. ओळीच्या ओळी भरून शेडच्या फळीवर चढल्या. एकसुद्धा चूक नाही. जेवताना मी ग्रँटला तसं म्हटलंही.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "नोलीन, त्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेव. सगळ्या. आजच."

"गार केल्यावर यीस्ट झोपतं, शहाण्या. फेस कुठून येणार? तुझा काका आणणार का?"

"माझं एवढं ऐक."

"तुला हरणं सोसत नाही, एवढंच," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

डॅडच्या वाढदिवसाला ग्रँट पुन्हा आला. त्या दिवशी पहिली बाटली उघडायची ठरली होती. आम्ही व्हरांड्यात जेवायला बसलो आणि शेडमधून बंदूक उडाल्यासारखा आवाज आला. मग दुसरा. मग किती ते मोजायला कोण थांबलंय. शेडच्या दारातून बिअर वाहत अंगणात आली. मी आत डोकावले, तर फळीवर नुसत्या काचा, छताला फेस, आणि जी बाटली शाबूत दिसावी ती तेवढ्यात फुटावी. ग्रँटनं मला दंडाला धरून मागे ओढलं. मी त्याचा हात झटकला.

"ही दुप्पट साखर आहे," मी ओरडले. "डॅड सपाट चमच्याच्या वर कणसुद्धा घालत नाही. तू पिंपात घातलीस. आमचं लक्ष नसताना तुझी ती उकळलेली साखर ओतलीस पिंपात. म्हणून बाटल्या विसळत होतास, म्हणून फ्रीजचा फोन. बोल, घातलीस की नाही?"

डॅड माझ्या मागे येऊन उभा होता. हातात रिकामा ग्लास. ग्रँटनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हो," तो म्हणाला. "मी घातली."

"गाढव आहेस," डॅड म्हणाला. "मी तुला सांगितलं होतं."

"हो डॅड. चुकलं."

त्यानंतर मी जे बोलले ते शेजारच्या पाम कुचेलनं कुंपणापलीकडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बेकरीत मला शब्द न शब्द ऐकवला. बापाचं घर बळकवायला निघालेला, बापाला वेडा ठरवायला त्याच्या बिअरमध्ये माती कालवणारा, असलं सगळं. ग्रँट काचा गोळा करत होता. हाताला कापलं, रुमाल बांधला आणि परत गोळा करायला लागला. मी त्याला पट्टीसुद्धा दिली नाही. तो गेल्यावर मी फोन उचलायचा बंद केला.

थंडी सुरू झाल्यावर आम्ही नवं पिंप लावलं, डॅड आणि मी. पुन्हा घासणं, पुन्हा तो गळका नळ. भरायला घेतलं आणि अर्ध्यातच नळात गाळ अडकला. मी नळ सोडवून तारेनं खरवडत बसले, म्हणून माझं तोंड बाकाकडे होतं. एरवी मी भरताना नळीवरून डोळा काढत नाही.

डॅड ओळीच्या शेवटाला पोचला. शेवटच्या बाटलीत चमचा रिकामा केला, झटकला. किटली वाजली, तो घरात गेला, गॅस बंद करून आला. आला आणि ओळीच्या डाव्या टोकाला उभा राहिला. शीळ सुरू केली. पहिल्या बाटलीवर नरसाळं ठेवलं आणि एक सपाट चमचा साखर घातली. मग दुसरीत. मग तिसरीत. हात इतका स्थिर होता की एक कण बाहेर पडला नाही.

तार माझ्या हातात तशीच राहिली.

"डॅड," मी म्हणाले. "त्यात घातलीय साखर."

"कुठे घातलीय?"

मी एक बाटली तिरकी करून त्याला बूड दाखवलं. त्यानं डोळे बारीक करून बघितलं. कपाळाला आठी पडली, आणि मग निवळली.

"ग्रँटनं घातली असणार," तो म्हणाला. "मघाशी इथेच होता बघ. किती वेळा सांगितलं त्याला."

ग्रँट अडीचशे किलोमीटरवर होता आणि कित्येक महिने इकडे फिरकला नव्हता. मीच फिरकू दिलं नव्हतं.

मी बाहेर अंगणात जाऊन फोन लावला. त्यानं पहिल्याच घंटीला उचलला, त्याचाही मला राग आला.

"पिंपात साखर तू घातली नव्हतीस," मी म्हणाले.

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"विचारतेय मी काहीतरी. घातली होतीस का?"

"नाही."

"मग हो का म्हणालास?"

"डॅड समोर उभा होता, नोलीन."

"मग मला तरी नंतर सांगायचंस. तोंड शिवलं होतं का तुझं? एवढ्या शिव्या खाल्ल्यास, हात कापून घेतलास, आणि मी आपली गावभर..." मी पामच्या कुंपणापासून लांब सरकले. "तोंडावर सांगायचंस मला, की डॅडला आता होत नाही."

"सांगितलं की," ग्रँट म्हणाला. "वर्षभर सांगतोय."

मी त्या क्षणी त्याच्यावर जितकी चिडले होते तितकी आधी कधी चिडले नव्हते. निदान त्यानं उलटं ओरडायला हवं होतं.

"शनिवारी ये," मी म्हणाले. "ती जागा बघून येऊ."

"येतो."

"त्याची बॅग मी भरणार. तू हात लावायचा नाहीस."

"बरं."

डॅड शेडच्या दारात आला होता, चमचा हातात घेऊन.

"कोण आहे गं?"

"ग्रँट."

"त्या गाढवाला सांग, पुन्हा माझ्या साखरेला हात लावायचा नाही."

मी फोन स्पीकरवर टाकून त्याच्याकडे धरला.

"नाही लावणार, डॅड," ग्रँट म्हणाला. "परत नाही लावणार."