झेरॉक्सच्या दुकानात निघालेली भुताची लिपी

कुंडलमध्ये झेरॉक्सच्या दुकानापुढं एवढी माणसं जमली होती की एसटीला वळायला जागा उरली नव्हती. मी सातबाऱ्याच्या प्रती काढायला गेलो होतो, तो गर्दीतच अडकलो. सगळे एकच कागद बघत होते.

गावातल्या हंबीररावांच्या मुलीची, संयोगिताची लग्नपत्रिका मिरजेच्या छापखान्यात तयार झाली होती. पहिली पत्रिका ग्रामदेवापुढं ठेवायची, म्हणून त्यांनी फाईल मागवून इथंच एक प्रत छापायला दिली. कागद बाहेर आला तो इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणांनी भरलेला. वधूवरांच्या नावांचा पत्ता नाही. गणपतीचं चित्र तेवढं शाबूत. दुकानदार नवखा, त्याला काही उमगेना.

नाथाजी देवऋषी न बोलावता हजर झाले. अशा वेळी त्यांना निरोप धाडावा लागत नाही.

"ही पिशाच्च लिपी हाय," कागद नाकाला लावून ते म्हणाले. "नावं खाल्ली त्यानं. गणपतीला हात लावायची मातुर टाप न्हाई. आन् ह्यो डॉलर बघा. करणी परदेशातली हाय."

भुतांनीही आता पासपोर्ट काढलेले दिसतात. मला हसू आलं, पण हंबीररावांचा चेहरा पार उतरला होता.

"मग आता काय करायचं, महाराज?"

"लगीन मोडायचं. पोरीचा जीव मोठा का मांडव मोठा?"

शेजारी उभ्या संयोगिताचे डोळे भरून आले. बाप मान डोलावतोय हे पाहून माझं हसू पळालं आणि डोकं तापलं.

तेवढ्यात हायस्कूलात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माया मॅडम प्रश्नपत्रिका घेऊन आल्या. कागद बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "अहो नाथाजीबाबा, तुमचं नाव लिहिलं तर भूत खाईल का?"

"माझं? त्याची काय बिशाद!"

मॅडमनी छापखान्याला फोन लावला. पत्रिकेच्याच फॉन्टमध्ये फक्त 'नाथाजी देवऋषी' लिहून पाठवायला सांगितलं. फाईल आली, दुकानातल्या पडद्यावर उघडली. तीच इंग्रजी अक्षरं, तेच कंस.

"बाबा, तुमालाबी धरलं की त्यानं," मागून एक म्हातारी म्हणाली. नाथाजी घाम पुसू लागले.

मॅडमनी मग छापखान्याकडून तो फॉन्टच मागवला, कॉम्प्युटरमध्ये बसवला आणि पत्रिका पुन्हा उघडली. संयोगिताचं नाव ठळक मराठीत समोर आलं.

"हा फॉन्ट जुना आहे," त्या म्हणाल्या. "त्यात इंग्रजी अक्षरांच्या आणि खुणांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. इथं तो नव्हता, म्हणून कॉम्प्युटरनं स्वतःजवळचा फॉन्ट लावला आणि त्या आकारांमागची मूळ इंग्रजी अक्षरं दिसली. चित्राला फॉन्ट लागत नाही. म्हणून गणपती वाचला."

लोक हसले. संयोगिता हसली नाही. तिनं वडिलांकडं वळून विचारलं, "आबा, लगीन मोडायच्या आदी छापखान्याला एक फोन करावा, असं तुमाला का वाटलं न्हाई?"

हंबीररावांनी दुकानदाराला पत्रिका पुन्हा छापायला सांगितलं. तिचा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच आहे. न कळलेल्या गोष्टीला भूत म्हणण्याआधी ती कुणाला कळते का, हे विचारा. पोरीचा संसार मोडायला निघताना तर नक्कीच विचारा.