तिसरं पान

बेचाळीस पत्रांखालच्या टिपणाची सुरुवात स्वप्नालीनं एकाच शब्दानं केली होती: खुशाली. त्रेचाळिसाव्यापाशी तिचा हात अडला. गुरुवारी सकाळी सांगलीहून पाटणकडे निघालेल्या एसटीत बसली तरी ती अडलेलीच होती.

तिचं काम ऐकायला साधं होतं. सांगलीतल्या एका संशोधन संस्थेनं लोकांच्या घरातल्या जुन्या कागदांचं डिजिटल दफ्तर उभं करायला घेतलं होतं. कागद स्कॅन करायचा, चढवायचा आणि खाली ठरलेले रकाने भरायचे. कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, कधी लिहिलं, शिक्क्यावरून कधी पोचलं, आणि दोन ओळींत मजकूर काय. पण त्या दोन ओळींसाठी सगळं पत्र वाचावं लागतं, आणि एकदा वाचलेलं काही केल्या पुसता येत नाही.

ही त्रेचाळीस पत्रं पाटणजवळच्या एका गावातल्या नाथाजी नावाच्या जवानाची. एकाहत्तरच्या डिसेंबरात तो लढाईत पडला. मागं एकोणीस वर्षांची बायको साळूबाई आणि वर्षाचं पोर. त्या पोराचा पोर शंभूराज आता कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर होता. त्यानंच पत्र्याची पेटी गाडीला बांधून संस्थेत आणून टाकली होती. "आजीनं तीन म्हैनं धोसरा काढलाय," तो वैतागून म्हणाला होता. "पत्रं सांगलीला दे म्हणती. आन तिची येक अट हाय. ज्यानं वाचली, त्यानंच घरी येऊन सांगायचं." संस्थेत सगळ्यांना त्या अटीचं कौतुक वाटलं होतं. तिच्यामागचं कारण कुणी विचारलं नव्हतं.

शेवटचं पत्र चार पानांचं. पहिल्या दोन पानांवर वडलांना, म्हणजे आबांना, नमस्कार, बैलाची चौकशी, थंडी. चौथ्यावर गावातल्या सगळ्यांना रामराम. आणि तिसऱ्या पानावर, वरती रेघ मारून, नाथाजीनं धाकट्या भावाला लिहिलं होतं: 'आप्पासो, हे पान साळूला वाचून दाखव.' खाली मजकूर होता. 'साळू, माझं काही बरंवाईट झालं तर माझ्या नावानं बसून राहू नको. तुझं वय नाही तसं. चांगला माणूस बघून पाट लाव. आबांना मी सुट्टीत तोंडी सांगितलं आहे, ते रागावले, पण माझी शपथ आहे. साळू, तू त्या दिवशी स्टँडवर आली नाहीस. मला राग नाही.'

साळूबाईनं पाट लावला नव्हता, दुसरं लग्न केलंच नव्हतं. गेली त्रेपन्न वर्षं ती त्याच घरात त्याच नावानं बसली होती. स्वप्नालीनं संस्थेच्या स्क्रीनवर हे वाचलं तेव्हा तिला सरळ कळलं की हे पान त्या बाईपर्यंत पोचलेलंच नाही.

खुशाली लिहायला हात धजेना, म्हणून तिनं मजकुराचा रकाना खरा भरला. नियमाप्रमाणे तपासणीची लिंक शंभूराजच्या फोनवर गेली, आणि तासाभरात त्याचा फोन आला. ती ओळ काढा, नाहीतर पेटी परत द्या. शुक्रवारी दफ्तराचं उद्घाटन, पाहुणे ठरलेले, आणि सगळ्या कार्यक्रमाचा कणा म्हणजे हीच पत्रं. संस्थेच्या रेश्मा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची, स्वप्नाली. 'कौटुंबिक खुशाली' लिही आणि संमतीपत्रावर आजींचा अंगठा घेऊन ये. ते पान आपण बंद ठेवू." हे बोलताना त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वप्नालीचा करार मार्चमध्ये संपत होता आणि तो वाढवायचा की नाही हे त्यांच्याच हातात होतं.

पण त्या संमतीपत्रावर एक ओळ छापलेली होती. 'वरील मजकूर वाचून दाखविला, ऐकला व मान्य आहे.' आणि तिच्याखाली अंगठा आणि वाचून दाखवणाऱ्याची सही. ही ओळ आपल्याकडे खरेदीखतापासून सोसायटीच्या अर्जापर्यंत सगळीकडे असते, आणि सह्या ठोकणाऱ्यांपैकी खरोखर वाचून दाखवणारे किती, हे न विचारलेलंच बरं. सही स्वप्नालीची लागणार होती.

तिला आपली आजी आठवत होती. तीन वर्षांपूर्वी चंपाबाईंचा दवाखान्यातला रिपोर्ट स्वप्नालीनंच वाचून दाखवला होता. साधी गाठ आहे आजी, औषधानं जाईल, असं ती धडधडीत खोटं बोलली होती. पुढच्या उन्हाळ्यात बाहुबलीला जाऊ, असं म्हणत म्हणत चंपाबाई दोन महिन्यांत गेल्या. बाहुबलीला जायचंच होतं तर त्या हिवाळ्यातही जाता आलं असतं. ही गोष्ट स्वप्नालीनं कुणाला सांगितली नव्हती, आणि तिची तिला अजून लाज वाटत होती.

पाटणच्या स्टँडवर शंभूराज गाडी घेऊन उभा होता. त्यानं आधी चहा पाजला. गिऱ्हाइकाला कापायच्या आधी पाजतात तसा.

"मॅडम, मी काय वाईट माणूस न्हाई," तो म्हणाला. "आजी भात्तर वर्साची हाय. बीपी हाय. आप्पासो आजोबा त्र्याहत्तरचं. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस, सगळं गाव त्यास्नी वाकून नमस्कार करतंय. आता त्यास्नी या वयात खोटं पाडायचं? आपलंच दात आन आपलंच ओठ."

"तुम्हाला ते पान आधीपासून ठाऊक होतं?"

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी शेवटचं पत्र वाचताना फकस्त खुशाली म्हणा. तेवढंच मागतोय. न्हाईतर पेटी आजच उचलतो."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे गाडीची मागची सीट. स्वप्नाली बसली.

घर साधं, स्लॅबचं, पुढं ओटा. ओट्यावर सतरंजी अंथरलेली आणि त्यावर साळूबाई भिंतीला टेकून बसलेली, बारीक, ताठ. शेजारी खुर्चीवर पांढऱ्या टोपीतले आप्पासो गुरुजी. त्यांच्या हातात घडी घातलेला पेपर होता, पण ते तो वाचत नव्हते.

"ये बाय," साळूबाई म्हणाली. "तूच वाचलीस न्हवं?"

"हो आजी. सगळी मीच वाचली."

"मग वाच."

स्वप्नालीनं यादी काढली. एक नंबर, दोन नंबर. पत्र कुठल्या छावणीतून, कोणत्या तारखेचं, कधी पोचलं, काय लिहिलंय. साळूबाई प्रत्येक नंबरला मान हलवायची. अकराव्या पत्रातल्या बैलाचं नाव तिनं स्वप्नालीच्या आधीच सांगितलं. विसाव्याला ती हसली. शंभूराज खांबाला टेकून उभा होता आणि त्याचे डोळे यादीवरून हलत नव्हते. तीस झाली, पस्तीस झाली. गुरुजींनी पेपरची घडी उलगडली, पुन्हा घातली. समोर पाण्याचा तांब्या होता, पण स्वप्नालीनं हात लावला नाही. आता थांबलं तर परत सुरू करणं होणार नाही, असं तिला वाटत होतं.

"बेचाळीस," ती म्हणाली. "खुशाली, आणि मुलगा चालायला लागल्याबद्दल आनंद."

"आन शेवटचं," साळूबाई म्हणाली. आता तिनं पाठ भिंतीपासून सोडवली होती.

"त्रेचाळीस," शंभूराज पटकन म्हणाला. "खुशालीच हाय ते, आजी. तुला पाठ हाय की."

"तुला इचारलं न्हाई मी, शंभ्या."

स्वप्नालीनं गुरुजींकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्यानं पेपर बाजूला ठेवून मान खाली घातली होती. त्या क्षणी तिला त्यांचा राग आला नाही. तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला: साधी गाठ आहे, आजी. तिनं यादी बाजूला ठेवली, पिशवीतून स्कॅनची छापील प्रत काढली आणि तिसरं पान वर घेतलं.

"आजी, याचं मी थोडक्यात सांगत नाही. आहे तसं वाचते."

"मॅडम!" शंभूराज पुढं आला.

"थांब रं," असं म्हणणारा आवाज गुरुजींचा होता. "वाचू दे तिला."

तिनं वाचलं. रेघेच्या वरची ओळ वाचली, शपथ वाचली, पाट वाचला. शेवटचं 'मला राग नाही' वाचताना तिचा आवाज फुटला, म्हणून ते तिनं पुन्हा एकदा नीट वाचलं. समोरच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

साळूबाईनं हात पुढं केला आणि तो कागद घेतला. बोट एका ठिकाणी टेकवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"हे मी हाय," ती म्हणाली. "साळू. पेन्शनच्या बुकातलं बघून बघून माझं नाव मला वळखू येतंय. लिवता येत न्हाई, पण वळखतीया. या पानावर मी तीनदा हाय. आन वाचताना येकदाबी येत न्हवती." ती दिराकडे वळली नाही. कागदाकडे बघूनच बोलत होती. "भावजींनी वाचलं. मग पोरगं मोठं झालं, त्यानं वाचलं. हा शंभ्या धाव्वीत असताना यानं वाचलं. तिसरं पान आलं की समद्यांचा घसा खाकरायचा. म्हणून म्हटलं, परक्याकडं द्यावं. परक्याला आमची काय भीड?"

शंभूराज खाली बसला.

"वैनी," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजातला शाळेतला सगळा दरारा गेला होता. "आबांनी मला देवापुढं उभं करून शपथ घातली होती. घराण्यात पाट लागला नाही म्हणाले. मी वीस वर्षांचा होतो."

"आन आबा जाऊन चाळीस वर्सं झाली, भावजी. शपथ न्हाई व्हय गेली त्यांच्यासंगं?"

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पाट लावला असता का न्हाई, ते मला ठावं न्हाई," साळूबाई म्हणाली. "कदाचित न्हाईबी. पण त्ये जायच्या दिवशी आमचं भांडान झालं हुतं. लुगड्यावरनं. मी फुगून मागल्या परड्यात बसले, स्टँडवर गेले न्हाई. मग पत्र आलं आन त्यातलं येक पान समदी लपवाय लागली. मी काय समजायचं? मला वाटलं, माझ्यावर चिडून कायतरी वंगाळ लिवलंय, आन मला वाईट वाटू नये म्हणून ही माणसं गप बसत्यात. त्रेपन्न वर्सं मी त्येच धरून बसले की ह्यो माणूस माझ्यावर रागावून मेला."

एवढं बोलल्यावर ती रडली. पदर तोंडाला न लावता, सगळ्यांसमोर. स्वप्नालीलाही रडू आवरलं नाही. रेश्मा मॅडम, मार्च, करार हे सगळं त्या वेळी तिच्या मनातूनच गेलं होतं.

बऱ्याच वेळानं साळूबाईनं डोळे पुसले आणि अंगठा पुढं केला. "आण तुझा कागद."

स्वप्नालीनं शाईची डबी उघडली. "आजी, हे पान सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं, की बंद? तुम्ही म्हणाल तसं."

"उघडं ठिव. लय वर्सं झाकून झालं." मग ती थांबली. "आन तू मघा परत्येकाला सांगत हुतीस, पत्र कवा पोचलं. ह्याचं काय लिवलंयस?"

"सत्तावीस नोव्हेंबर एकोणीसशे एकाहत्तर. पाकिटावरचा शिक्का तसा आहे."

"त्ये खोटं हाय," साळूबाई म्हणाली. "खोड त्ये. आजची तारीख घाल."

स्वप्नालीनं टॅब मांडीवर घेतला. रकान्यात तिनं सहा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस घातली. पडद्यावर लगेच लाल अक्षरं आली: लिहिल्याची व पोचल्याची तारीख यांत त्रेपन्न वर्षांचा फरक आहे, कृपया तपासा. तिनं गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान डोलावली.

तिनं 'तपासले, बरोबर आहे' यावर बोट ठेवलं. मग छापील ओळीखाली, साळूबाईच्या ओल्या अंगठ्याशेजारी, सही केली.