शांत रस्त्याची मोजणी

वळणावरच्या घरात राहिलं की आवाजावरून गाडी ओळखायची खोड लागते. चिमीच्या आईला ती लग्नानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच लागली. दुधाची गाडी चढावर खोकते, मास्तरांची स्कूटर रडते आणि सव्वाआठची बस दिसायच्या आधी खिडकीची काच थरथरते. चिमीला यातलं काही ऐकू यायचं नाही. पण काचेला गाल टेकून बस सगळ्यांच्या आधी तीच ओळखायची आणि आपल्या चपला हातात घेऊन दाराशी उभी राहायची.

चिमी सव्वाचार वर्षांची. जन्मापासून कान अधू. कानांमागे मशीन बसवून वर्ष झालं होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मायलेकी बसने खाली शहरात जायच्या, बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे. ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाच वर्षांच्या आत जे येईल ते आपलं. नंतर फार जड जातं. खाडे अजिबात नकोत." वर्षभरात चार शब्द आले होते. आईने ते कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहून ठेवले होते, आणि पाचव्याची वाट बघत ती चिमीच्या ओठांकडे सारखी टक लावून असायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, नजर लावशील पोरीला."

त्या सुमारास सायकलवाल्यांच्या मंडळाचा एक माणूस गावात आला. डोंगरपायथ्याच्या शांत रस्त्यांचा नकाशा छापायचा होता त्यांना. तीन दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी सात, रस्त्यावरच्या गाड्या मोजायच्या. दिवसाला वीसच्या आत आल्या, तर नकाशावर हिरवी रेघ. हिरव्या रेघेवर लांबलांबचे लोक सायकली घेऊन येतात, राहतात, जेवतात. मोजायला माणूस गावानेच द्यायचा होता.

गावच्या रस्त्यावरून दिवसाला साठ तरी गाड्या जायच्या. शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले.

"तीन दिवस गाड्या घरात ठेवल्या तर काय आभाळ कोसळणार आहे?" मास्तर म्हणाले.

"तुमचं ठीक आहे मास्तर," दूधवाला म्हणाला. "तुमची स्कूटर तशीही दोन दिवसांतून एकदाच सुरू होते."

"म्हणजे दीड दिवसाचा त्याग माझाही झालाच की! तू तेवढे तीन दिवस खालच्या रस्त्याने जा. आणि मोजायला वळणावरची आपली सूनबाई. पदवीधर आहे, अक्षर सुरेख आहे. फक्त खोटं लिहायचं नाही बरं का सूनबाई, दिसेल तेच लिहायचं."

व्हरांडा खदखदून हसला. तीही हसली. नवऱ्याने मोटरसायकल विकून मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या, पांढऱ्या चादरीसुद्धा आणून ठेवल्या होत्या. रात्री जेवताना तो म्हणाला, "एकदा ती रेघ उमटू दे. मग बघ, चिमीला रिक्षाने नेईन ताईंच्या दारापर्यंत."

मोजणी सोमवार ते बुधवार होती. मंगळवारचा वर्ग चुकला. वर्षातला पहिलाच खाडा. तिने ताईंना फोन करून दहादा माफी मागितली आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. डोळ्यांत तेल घालून मोजलं तिने. पहिल्या दिवशी नऊ गाड्या, दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी अकरा. रस्ता इतका गप्प की झाडावरून पान पडलेलं कळावं.

मंडळाने दिलेल्या तक्त्यात शेवटी आणखी एक रकाना होता : बसमधली माणसं. गावाला उत्साह एवढा चढला होता की शहरात कामाला जाणारेही रविवारीच खाली जाऊन नातेवाइकांकडे राहिले होते. बस यायची तीही रिकामीच. ड्रायव्हरकाकांनी वळणावर गाडी हळू केली आणि मान बाहेर काढली.

"काय गं, गाव गेलं कुठे?"

"संपावर गेलंय काका."

"मग मी कशाला डिझेल जाळतोय?" म्हणत ते हसत पुढे गेले.

जाताना शून्य, येताना शून्य. तीन दिवसांची सहा शून्यं तिने गोल, सुबक काढली आणि खाली सही केली.

दीड महिन्याने रेघ उमटली. सायकलवालेही आले. रंगीत कपड्यांतली, घामाने निथळणारी, हसतमुख माणसं. मागच्या खोल्या दोनदा भरल्या. आणि एका सकाळी ड्रायव्हरकाकांनी बस थांबवली, पण दार उघडून ते स्वतः खाली उतरले. बसच्या दारावर कागद चिकटवला होता. प्रवासी नसल्यामुळे पहिल्या तारखेपासून ही फेरी बंद.

मंडळाने तक्ते रस्तेखात्याला दिले होते आणि खात्याने बसआगाराला. यात लपवाछपवी काही नव्हती. सगळ्यांनी आपापलं काम वेळेत केलं होतं.

ती, नवरा आणि मास्तर आगारात गेले. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्च्या मागवल्या, तक्ता पुढे सरकवला.

"अक्षर तुमचंच?"

"माझंच."

"सहीही तुमचीच. मग माझं काय चुकलं?"

तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पंख्याकडे बघत होते. नवरा बुटांकडे. तिने तक्ता पुन्हा साहेबापुढे सरकवला.

"साहेब, आकडे खरे आहेत. दिवस खोटे होते."

मग तिने सगळं सांगून टाकलं. साहेबाने ऐकून घेतलं, कपाळ चोळलं.

"बरं. पुन्हा मोजणी लावायला माझी ना नाही. पण बसमधली माणसं चालू बसमध्ये मोजतात हो. बसच नाही, तर मोजू काय?"

"मग बस चालू करा."

"त्यासाठी माणसं दाखवावी लागतात." स्वतःच्याच बोलण्यावर साहेबाला हसू आलं. तिचा चेहरा बघून त्याने ते आवरलं. "पुढच्या वर्षी वेळापत्रक नवं होईल. तेव्हा अर्ज करा."

परतीच्या वाटेवर मास्तर म्हणाले, "सगळ्या गावाला खोटारडं ठरवलंस, सूनबाई. उद्या त्यांनी रेघ पुसली म्हणजे?"

रेघ कोणी पुसली नाही. पण त्या दिवसापासून दूधवाल्याच्या गाडीत पुढची जागा कायम भरलेली असे, आणि मास्तरांची स्कूटर मंगळवारी आणि शुक्रवारी न चुकता बिघडे. जाऊबाई शहरात राहायच्या, पोरीला ठेवून घेता का विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ठेवली असती गं, पण तिला काय हवं-नको ते मला कसं कळणार?" तीन आठवड्यांत पाच वर्ग चुकले. पहिला धरून सहा.

शेवटी एका मंगळवारी तिने नवऱ्याची जुनी सायकल काढली. मागे बैठक बांधली, चिमीला ओढणीने आपल्या पाठीशी घट्ट आवळलं आणि साडेसातलाच निघाली. चोवीस किलोमीटर, बहुतेक उतार. उतारावर हात ब्रेक दाबून बधिर झाले. साखळी तीनदा पडली. चिमी पेंगली की तिचं डोकं एका बाजूला कलंडायचं. मग थांबायचं, तिला सावरायचं, पुन्हा निघायचं. साडेनऊच्या वर्गाला त्या पावणेअकराला पोहोचल्या.

ताईंच्या समोर दुसरंच एक मूल बसलं होतं. ताई उठून दाराशी आल्या.

"कालच यादी लागली हो. चार खाड्यांच्या वर जागा ठेवता येत नाही, बाहेर किती मुलं थांबलीत. पुढच्या वर्षीच्या यादीत नाव लावते."

"पुढच्या वर्षी ती साडेपाचची होईल."

ताईंनी चिमीच्या गालाला हात लावला. चिमीने तिच्या चारातला एक शब्द त्यांना म्हणून दाखवला. पाणी. ताईंनी पाणी दिलं.

परतीचा सगळा चढ. तिने सायकल ढकलायला सुरुवात केली. ओढणीने बैठकीला बांधलेली चिमी मागे झोपली होती. दुपारी मागून सहासात सायकलवाले आले, सरसर, अंगावरून वारा गेल्यासारखे. त्यातल्या एकाने अंगठा वर केला. "शाब्बास! आलाच माथा!" अजून अकरा किलोमीटर होते.

घरी पोहोचली तेव्हा सहा वाजून गेले होते. पाहुण्यांची दुपारची जेवणं नवऱ्यानेच उरकली होती, भांडीसुद्धा घासून पालथी घातली होती. त्याने झोपलेल्या चिमीला अलगद उचलून घेतलं.

"पोहोचलात ना वेळेत? झाला वर्ग?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. रात्रीच्या कणकेने माखलेला हात, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत अशी आशा की तिला ती बघवेना.

"झाला," ती म्हणाली.

"बघ, मी म्हणत होतो ना, जमतंय! शुक्रवारसाठी साखळीला तेल देऊन ठेवतो. हवाही भरतो."

"भर," ती म्हणाली, आणि पाय धुवायला मोरीकडे गेली.